आमची हायेत तेवढी, वर पाच

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, बाई, नोकरीतले अनुभव लिहून द्या. मी म्हटलं, माझी बदली कधी कुठं झाली आणि कुठल्या मुख्याध्यापकांशी माझं पटलं नाही, हे वाचायला लोक चकलीचं ताट बाजूला सारून बसणार आहेत का? तेव्हा ते सगळं वगळते. मी गणिताची बाई. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या शाळांत आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवलं. आता निवृत्त होऊन कामथडीला राहते. हायवेचा आवाज ऐकत पेपरातली कोडी सोडवते आणि सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसते. मला सांगायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, मनातला आकडा ओळखण्याच्या खेळाबद्दल.

परवाच शेजारची नवी सून मोबाईल घेऊन धावत आली. त्यात कुणीतरी पाठवलं होतं, आकडा धरा, इतक्यानं गुणा, तितके मिळवा, आम्ही तुमचं वय ओळखतो. आणि ओळखलं की हो त्यानं. पोरगी घाबरलेली. काकू, ह्या मोबाईलला माझं वय कसं कळलं? मी म्हटलं, अगं, तूच सांगितलंस त्याला. फक्त तुझ्या लक्षात आलं नाही.

असले खेळ दोन जातींचे असतात. ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं डोक्यावरून जाणार नाही. आणि बीजगणित म्हटल्यावर तोंड वाकडं करू नका. आहे ते सगळं दोन मिनिटांत सांगते.

पहिली जात अशी. एक आकडा मनात धरा, मला सांगू नका. त्याची दुप्पट करा. त्यात दहा मिळवा. आलेल्याचं निम्मं करा. आता मनात धरलेला आकडा त्यातून वजा करा. तुमच्याकडे पाच उरले. तुम्ही आठ धरा नाहीतर आठशे धरा, उरणार पाचच. कारण दुप्पट करून निम्मं केलं, म्हणजे तुमचा आकडा होता तसा परत आला. दहाचेही निम्मे झाले, ते पाच. मग तुमचा आकडा तुम्हीच काढून घेतलात. उरले ते माझ्या दहातले पाच. तुमचा आकडा किती, याच्याशी मला काडीचं देणंघेणं नाही.

दुसरी जात जरा लबाड. आकडा धरा, दुप्पट करा, सहा मिळवा, निम्मं करा, आणि काय आलं ते सांगा. तुम्ही म्हणालात अकरा, की मी म्हणणार, तुम्ही आठ धरला होता. तुमच्या आकड्यावर तीन चढलेत हे मला ठाऊक असतं, तेवढे मी उतरवते. इथं मी काहीच ओळखत नाही, तुम्हीच वळसा घालून सांगून टाकलेलं असतं.

झालं, एवढंच. बाकीचे सगळे खेळ याच दोघींची भावंडं.

आता हे मी वर्गात का आणलं ते सांगते. सहावी-सातवीत पोरांना गणितातली अक्षरं भेटलेली असतात, पण ओळख झाली म्हणजे मैत्री झाली असं नाही. आठवीच्या वर्गात फळ्यावर क्ष लिहिला, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, बाई, पण क्ष म्हंजे किती? काहीही, असं म्हटलं तर पोरं हसायची. मला येत नाही म्हणून बाई टाळतायत, असा चेहरा करायची. पोरांचं बरोबर होतं. ज्याच्या घरी पोतं उघडून, हात घालून, भात बघितल्याशिवाय व्यवहार होत नाही, त्यानं न बघितलेल्या आकड्याची बेरीज-वजाबाकी का म्हणून करायची? म्हणून मी बीजगणिताची सुरुवात या खेळानं करायला लागले. आधी चकित करायचं, मग उलगडायचं. उलगडलं तरी पोरांना ते पटायचंच असं नाही. चकित झालेलं मात्र लक्षात राहायचं. त्यामुळं गावोगाव माझी ख्याती झाली, की गणिताच्या बाई मनातलं वळखतात. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

एकदा तपासणीला एक साहेब आले होते. वर्गात खेळ चाललेला बघून त्यांनीही डोळे मिटून आकडा धरला. शेवटी मी पाच म्हटल्यावर मिश्कील हसले आणि म्हणाले, बाई, आता चुकलात. मी साडेतीन धरला होता. मी म्हटलं, साहेब, फळ्यावर करून दाखवा. साडेतीनची दुप्पट सात, दहा मिळवून सतरा, निम्मे साडेआठ, त्यातून साडेतीन गेले, पाच. साहेबांनी खडू खाली ठेवला, परत उचलला, आणि ऋण आकडा धरून बघितला. पाच. मग ते बराच वेळ फळ्याकडं बघत उभे राहिले. तपासणी तिथंच संपली.

दुसरा नमुना पासलीचे नामदेवराव. भातशेती करणारा, तोंडानं फटकळ, पण मनानं लाख माणूस. त्यांची मुलगी शीतल आमच्या शाळेत होती. आमची शाळा पासलीच्या अलीकडं रस्त्यालाच, त्यामुळं पालकसभेला माणसं यायची आणि आली की काहीतरी करमणूक मागायची. मी खेळ घेतला. सगळ्यांनी पाच, पाच म्हणून कल्ला केला. नामदेवराव मात्र संशयानं माझ्याकडं बघत बसलेले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "बाई, म्या तर काहीच धरलं न्हवतं. म्हटलं बघू बाई काय करत्यात. तरी पाचच आलं की वो."

सभा खदखदून हसली. मी पण हसले. पण घरी जाताना एसटीत ते माझ्या डोक्यातून जाईना. काहीच नाहीची दुप्पट काहीच नाही, दहा मिळवले दहा, निम्मे पाच, त्यातून काहीच गेलं नाही, पाच. साडेतीनसाठी तोच रस्ता, ऋण आकड्यासाठी तोच, आणि ज्यानं काही धरलंच नाही त्याच्यासाठीही तोच. इतकी वर्षं हे फळ्यावर लिहीत होते, पण ते केवढं मोठं आहे याची जाणीव त्या दिवशी मला नव्यानं झाली. जगातले सगळे आकडे, ज्यांची नावंसुद्धा कुणी कधी घेतली नाहीत ते सगळे, त्या एका ओळीत मुकाट मावतात. खिडकीतून नदी दिसत होती आणि मी वेड्यासारखी बोटांवर मोजत बसले होते.

आता वनिताची गोष्ट.

पासलीच्या वर डोंगरात एक धनगरांची वस्ती आहे. वनिता तिथून चालत शाळेत यायची. आई-वडील पुण्याकडं बांधकामावर, आणि ही आपल्या आत्तीजवळ, म्हणजे बापाच्या थोरल्या बहिणीजवळ राहायची. आत्तीचं नाव बायडाबाई. घरची शेरडं आणि दोन म्हशी बायडाबाईच सांभाळायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी वनिता त्यांच्यामागं रानात. पोरगी वर्गात बोलायची नाही. विचारलं तर उत्तर द्यायची, तेही जेवढ्यास तेवढं. पण फळ्याकडं अशी बघायची, की लिहिणाऱ्यानं नीटच लिहावं.

त्या वर्षी आठवीत मी नेहमीसारखा पहिल्या जातीचा खेळ घेतला. धरा, दुप्पट करा, दहा मिळवा, निम्मं करा, मनातला आकडा वजा करा. मी विचारायच्या आधीच पोरांनी पाच म्हणून वर्ग डोक्यावर घेतला. वनिता गप्प होती. मी तिला उभी केली आणि विचारलं, तुझं किती आलं गं?

ती म्हणाली, "आमची हायेत तेवढी, आन वर पाच."

वर्ग फिदीफिदी हसला. मला वाटलं, शेवटची पायरी राहिली. म्हटलं, मनातला आकडा वजा करायचा होता ना, तो विसरलीस. ती म्हणाली, विसरले न्हाई बाई, पण ते न्हाई करायचं. का म्हणून विचारलं तर खाली मान. तेवढ्यात नामदेवरावांच्या शीतलनं तोंड उघडलं. बाई, तिनं शेरडं धरली असत्याल, त्यांच्यात शेरडं मोजत न्हाईत. वनितानं तिच्याकडं असं बघितलं की शीतल खालीच बसली.

मधल्या सुट्टीत मी दोघींना जवळ घेऊन सगळं समजून घेतलं. वनिताच्या घरात जनावरांचा आकडा तोंडानं घ्यायचा नाही, अशी रीत होती. संध्याकाळी शेरडं परत आली, की बायडाबाई वाडग्याच्या, म्हणजे शेरडांच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभ्या राहायच्या आणि एकेकीला नावानं आत घ्यायच्या. मोरी आली, टिकली आली, कबरी आली. कोण नाही आलं ते चेहऱ्यावरून कळायचं, मोजायची गरजच नव्हती. आकडा बोलला की नजर लागते. यावर नाक मुरडायचं मला काही कारण नव्हतं. माझी स्वतःची आई बाळ किती वजनाचं झालं, हे शेजारणीला कधी सांगू द्यायची नाही.

वनितानं रानात हिंडता हिंडता मनातल्या मनात मोजलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मी आकडा धरा म्हटल्यावर तिनं तोच धरला. दुप्पट करा म्हटल्यावर खूश झाली, शेरडं दुप्पट झाली. दहा मिळवा, आणखी खूश. निम्मं करायलाही तिची हरकत नव्हती, कारण निम्म्यातही घरची सगळी होतीच, वर पाच जास्त. पण त्यातून घरचीच काढून टाका? असल्या वाईट गोष्टी ती मनातसुद्धा करणार नव्हती. म्हणून ती तिथंच थांबली, आणि जे हातात होतं ते तिनं सांगितलं.

आणि तिनं काय सांगितलं होतं ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आमची हायेत तेवढी, आन वर पाच. क्ष अधिक पाच. पोरीनं आकडा सांगितला नव्हता आणि तरी उत्तर सांगितलं होतं, अगदी अचूक, एक अक्षर कमीजास्त न करता. क्ष म्हंजे किती, असं विचारणाऱ्या पोरांपुढं मी आयुष्यभर घसा कोरडा केला होता. ह्या पोरीनं तो प्रश्न विचारलाच नाही, उलट किती ते सांगायचंच नाही हीच तिची अट होती, आणि त्या अटीवर ती बीजगणित बोलली. मला कुणी बोर्डाचा दहावीचा पेपर काढायला सांगितलं असतं तरी मला एवढा आनंद झाला नसता. पुढच्या तासाला मी फळ्यावर क्ष + ५ लिहिलं आणि वर्गाला सांगितलं, हे वाक्य वनिताचं आहे. इतकं कौतुक केलं की पोरं कंटाळली. वनिता मात्र बाकाकडं बघत होती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्यानंतर ती शाळेत यायची बंद झाली.

आठवडाभर मी वाट बघितली. मग शीतलनं रडवेलं तोंड करून सांगितलं. वरच्या वस्तीवर बिबट्यानं, त्यांच्या भाषेत वाघरानं, बायडाबाईंची पाट नेली. पाट म्हणजे तरणी शेळी, अजून न व्यालेली. आणि शाळेत झालेलं शीतलच्याच तोंडून घरी, घरातून गावात, आणि गावातून वर पोचलं होतं. वनितानं शेरडं मोजली, बाईंनी तिच्या मनातला आकडा काढून घेतला आणि फळ्यावर लिहिला, म्हणून वाघरू आलं. बायडाबाईंनी ठरवून टाकलं, पोरगी आता शाळेत जाणार नाही. शेरडांमागं जाईल, आणि पुढच्या वर्षी बघू काय ते. पुढच्या वर्षी बघू म्हणजे शाळा कायमची सुटली, हे आमच्या भागात सगळ्यांना कळतं.

माझी झोप उडाली. ह्या पोरीनं गणित सोडलं तर त्याला मी आणि माझी ख्याती जबाबदार, असं वाटायला लागलं. रविवारी नामदेवरावांना बरोबर घेतलं आणि वस्तीवर निघाले. चढ सरळ अंगावर येणारा. मला दम लागायचा आणि नामदेवरावांची तोंडाची टकळी चालू. ते सारखं बजावत होते, बाई, तिथं आकड्याचं नावबी काढू नका. मी म्हटलं, नामदेवराव, मी गणिताची बाई, आकड्याचं नाव न काढता दुसरं बोलू काय? यावर ते म्हणाले, हवापाण्यावर बोला की.

बायडाबाईंनी आमचं स्वागत नीट केलं. घोंगडं टाकलं, शेळीच्या दुधाचा चहा दिला. बाई उंच, सडपातळ, बोलणं सावकाश. रागावलेल्या नव्हत्या, आणि तेच अवघड होतं. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. वनिता दारात बसून हुलगे निवडत होती आणि वर बघत नव्हती.

हवापाण्यावर बोलून झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, तुमचा आकडा मला माहीत नाही, वनितानं मला सांगितलाच नाही. बायडाबाई म्हणाल्या, "तिनं न्हाई सांगितला. पर तुमी न सांगता वळखता न्हवं? समदी पोरं सांगत्यात."

जी कीर्ती मी इतकी वर्षं मिरवली, तीच माझ्या आडवी आली. मला मनातलं कळत नाही, असं म्हटलं तर शाळेतली शंभर पोरं माझ्याविरुद्ध साक्ष देणार. मग मी ठरवलं, जादू गेली तरी चालेल. नामदेवरावांना पुढं बसवलं आणि दुसऱ्या जातीचा खेळ त्यांच्यावर केला. त्यांनी आलेलं उत्तर सांगितल्यावर त्यांचा आकडा ओळखला आणि तिथंच फोड करून दाखवली, की बघा, यांनी शेवटचं सांगितलं म्हणून मी मागं गेले. तोंड मिटून बसले असते तर मला काही म्हणजे काही कळलं नसतं. नामदेवराव एकदम नाराज झाले. इतकी सालं मला वाटत हुतं बाईंच्या अंगात काहीतरी हाय, असं म्हणाले. मला जरा वाईट वाटलं, पण ते गिळलं.

बायडाबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, हे कळलं. ह्यांनी सांगितलं म्हणून तुमाला कळलं. पण वर्गात तर कुणीच काय सांगत न्हाई, आणि तुमी आधीच पाच म्हणता. "ज्याचा आकडा ठावंच न्हाई, त्याचं उत्तर कसं ठावं?"

सगळं बीजगणित त्या एका प्रश्नात होतं. मी शब्दांनी सांगायला गेले. दुप्पट आणि निम्मं, आलं आणि गेलं. माझं मलाच ते कोरडं वाटायला लागलं. बायडाबाई मान डोलवत होत्या ती केवळ पाहुणीचा मान राखायला.

तेव्हा वनिता उठली. एक शब्द न बोलता तिनं आतून दोन फडकी आणली आणि आत्तीपुढं जमिनीवर पसरली. हुलग्याचं सूप पुढं सरकवलं. आत्तीला म्हणाली, एक दाणा ह्या फडक्यात टाक, एक त्या फडक्यात. एक हितं, एक तितं. मोजू नको. वाटंल तवा थांब.

बायडाबाईंनी माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, आणि टाकायला सुरुवात केली. एक इकडं, एक तिकडं. मधेच त्यांनी डोंगराकडं तोंड वळवलं, हात मात्र चालूच. बघितलं तर आकडा मनात धरल्यासारखं होईल म्हणून असेल. मनाला आलं तेव्हा त्या थांबल्या. वनितानं दोन्ही फडक्यांच्या गाठी मारल्या. दोन गाठोडी, दोन्हींत सारखे दाणे, आणि किती ते कुणालाच ठाऊक नाही. दुप्पट करायला आकडा माहीत असावा लागत नाही, जोडी लावली की पुरे, हे मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

मग तिनं अंगणातले दहा खडे वेचले आणि गाठोड्यांशेजारी ठेवले. हे आपन घातलं, म्हणाली. मग सगळ्याचे दोन वाटे केले. एका वाट्याला एक गाठोडं आणि पाच खडे, दुसऱ्याला एक गाठोडं आणि पाच खडे. एक वाटा उचलून बाजूला ठेवला. राहिलेल्या वाट्यावर हात ठेवून म्हणाली, हितवर माझं शाळंत झालं व्हतं. आमची हायेत तेवढी, वर पाच. हितं बाई म्हनल्या वजा कर, आन म्या न्हाई केलं.

मग तिनं ते गाठोडं उचललं आणि आत्तीच्या ओटीत ठेवलं.

"ह्यात काय बी जात न्हाई आत्ती," ती म्हणाली. "तुझं तुला माघारी दिलं."

जमिनीवर पाच खडे उरले होते.

बायडाबाईंनी ओटीतलं गाठोडं दाबून बघितलं. मग मला विचारलं, ह्यात किती हायेत ते तुमाला ठावं हाय? मी म्हटलं, नाही. तुम्हाला? त्या म्हणाल्या, म्या बघितलंच न्हाई. वनितानं नाही म्हणून मान हलवली. नामदेवराव म्हणाले, मला तर न्हाईच न्हाई. बायडाबाई त्या पाच खड्यांकडं बघत राहिल्या. "मंग पाच कुनाला ठावं व्हतं?"

मी इतकी वर्षं गणित शिकवलं, पण हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. खरंच, कुणाला ठाऊक होतं? त्या गाठोड्यातला आकडा जगात कुणालाच माहीत नव्हता. जिनं दाणे टाकले तिलाही नाही, जिनं गाठ मारली तिलाही नाही. तरी त्याच्या शेजारचे पाच खडे ठरलेले होते. आत्तीनं पहिला दाणा टाकायच्या आधी ठरलेले होते. मला त्या अंगणात देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि मी देवळात फारशी जाणारी बाई नाही.

उत्तर वनितानं दिलं. धा खडं आपनच घातलं व्हतं आत्ती, त्यातलं निम्मं. ह्ये गाठुडं आलं तसं गेलं.

बायडाबाईंनी एवढ्यावर सोडलं नाही. सूप जवळ ओढलं आणि सगळं परत स्वतः केलं. या वेळी भरपूर दाणे टाकले, बराच वेळ टाकत राहिल्या, वनिताला हात लावू दिला नाही. शेवटचं गाठोडं स्वतःच्या हातानं स्वतःच्या ओटीत ठेवलं. पाच खडे. मग दोन्ही गाठी सोडून हुलगे न मोजता सुपात ओतले आणि हातानं सारखे केले.

पुढं निवृत्त होईपर्यंत मी आठवीला बीजगणित दोन फडक्यांनी आणि हुलग्यांनी शिकवलं. वजा करा हा शब्द तेवढ्या खेळात मी टाकून दिला, ज्याचं त्याला माघारी द्या, असंच म्हणायचे. बाई मनातलं ओळखतात, हे मात्र पोरं म्हणेनाशी झाली. जादू उघडी पडली की बाईंकडं कोण बघतंय, सगळे गाठोड्याकडं बघायचे. कधीकधी मला त्याची हुरहूर वाटते, नाही असं नाही. पण त्या दिवशी अंगणात मला त्यातलं काही सुचत नव्हतं. मी फक्त बायडाबाईंच्या तोंडाकडं बघत होते.

त्या म्हणाल्या, वाघरू दर साल येतंय. औंदा बी आलं. त्याला कुठं मोजता येतंय. हे त्या आमच्याशी बोलत होत्या का स्वतःशी, ते कळलं नाही. वाघरानं नेलेल्या पाटीचं नाव कुणीतरी काढलं, बहुतेक नामदेवरावांनी, आणि बायडाबाईंनी डोळ्याला पदर लावला. लेकरासारखी होती, म्हणाल्या. मग पदर खाली करून त्यांनी वनिताला जवळ बोलावलं.

"कुठवर शिकायचंय तुला?"

दहावी म्हणावं का, बारावी म्हणावं का, का काहीच म्हणू नये, वनिताच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. माझ्या जिभेवर उत्तर होतं, पण मी दात आवळून गप्प बसले. शेवटी पोरगी खरं ते बोलली.

"ठावं न्हाई आत्ती."

बायडाबाईंनी एकदा जमिनीवरच्या खड्यांकडं बघितलं.

"ठावं नसलं तरी चालतंय म्हन की," त्या म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. वनिताचं दप्तर त्यांनी माळ्यावर पार मागं टाकून दिलं होतं. शेरडं वळायच्या काठीनं ते पुढं ओढून त्यांनी खाली काढलं, त्याला लागलेली जळमटं पदरानं पुसली आणि तिच्या हातात दिलं.